मला एकट्याला सोडू नकोस

थीब्ज नगराच्या राजवाड्यासमोर झ्यूसची वेदी होती. हेराक्लीसने एका मोठ्या विजयानंतर ती स्वतः उभारली होती. त्या दिवशी त्याच वेदीला बिलगून त्याचे म्हातारे वडील अँफिट्रिऑन, बायको मेगारा आणि तीन लहान मुलगे बसले होते. अंगावर धड कपडे नव्हते, पोटात अन्न नव्हते. हेराक्लीस पाताळात उतरला होता आणि तिथून कोणी परत येत नाही, हे साऱ्या नगराला ठाऊक होते. लिकस नावाच्या माणसाने मेगाराच्या वडिलांना, म्हणजे थीब्जच्या राजाला, मारून सिंहासन बळकावले होते. हेराक्लीसची मुले मोठी झाली तर सूड घेतील, म्हणून त्याला ती जिवंत नको होती. वेदी सोडली नाहीत तर भोवती लाकडे रचून तिथेच जाळीन, अशी त्याने धमकी दिली. मेगाराने अखेर एकच सवलत मागितली. मरायचेच आहे, तर मुलांना शेवटचे कपडे तरी नीट नेसवू दे.

मुले ते कपडे नेसून, डोक्यावर मृतांच्या माळा घालून बाहेर आली आणि त्याच क्षणी हेराक्लीस दारात उभा राहिला.

नेमियाचा सिंह मारणारा, लेर्नाच्या पाणथळीतल्या अनेक डोक्यांच्या सर्पाला संपवणारा, अ‍ॅटलसच्या जागी उभा राहून आभाळ पेलणारा हेराक्लीस. आता तो पाताळाच्या दारावरचा केर्बेरस कुत्रा वर घेऊन आला होता आणि तिथे अडकून पडलेल्या थीसिअस या आपल्या मित्रालाही सोडवून आला होता. त्याने मुलांच्या डोक्यावरच्या माळा काढायला लावल्या. मुले त्याच्या वस्त्राला अशी चिकटली की सोडवता सोडवेनात. तेव्हा तो हसून म्हणाला, की मोठ्या गलबतामागे दोराने बांधलेल्या होड्या येतात तसे या माझ्यामागे. जगात सगळी माणसे आपल्या लेकरांवर सारखीच माया करतात, असेही तो बोलला. मग त्याने लिकसला ठार केले. नगरात आनंदीआनंद झाला.

गोष्ट इथे संपली असती तर ती एका वीराची गोष्ट झाली असती.

पण हेरा देवीचा हेराक्लीसवर जन्मापासून रोष होता. तिने उन्मादाची देवता लिसा हिला त्याच्या घरावर पाठवले. लिसाचाही पाय निघेना. या माणसाने देवांची सेवा केली आहे, समुद्र आणि रानवाटा निर्धोक केल्या आहेत, त्याचा असा घात करू नये, असे ती म्हणाली. तिचे कोणी ऐकले नाही.

घरात शुद्धीचा विधी चालला होता. मुले, मेगारा आणि अँफिट्रिऑन वेदीभोवती उभे होते. हेराक्लीसने पेटते लाकूड पवित्र पाण्यात बुडवायला हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला. त्याचे डोळे फिरले, तोंडाला फेस आला, तो विचित्र हसू लागला. ज्या युरिस्थियस राजाने त्याला एकामागून एक जीवघेणी कामे दिली होती, त्याच्या मुलांना मारायला आपण मायसीनीला चाललो आहोत, असे त्याला वाटू लागले. नसलेल्या रथावर तो चढला, नसलेल्या घोड्यांना त्याने चाबूक मारला. नोकरांना हसावे की भ्यावे कळेना. आणि मग त्याने धनुष्य उचलले. मुले ओरडत होती, की बाबा, आम्ही तुमची मुलं आहोत, युरिस्थियसची नाही. त्याला ते ऐकू येत नव्हते. तिन्ही मुले गेली, मेगारा गेली. तो म्हाताऱ्या बापाकडे वळला, तेव्हा अथीना देवीने त्याच्या छातीवर शिळा फेकली आणि तो कोसळला. मोडलेल्या खांबाला त्याला दोरांनी बांधले, तरी त्याला जाग आली नाही.

जागा झाला तेव्हा उन्माद ओसरला होता. सभोवती आपले बाण विखुरलेले पाहून आपण पुन्हा पाताळात तर आलो नाही ना, असे त्याला वाटले. दूर उभा राहून रडणारा बाप दिसला.

"बाबा, मला बांधलंय कुणी? आणि तुम्ही जवळ का येत नाही?"

अँफिट्रिऑनला आधी खात्री करून घ्यायची होती, की मुलगा शुद्धीवर आला आहे. मग त्याने दोर सोडले. आणि मग, दुसरे कोणी सांगण्यापेक्षा आपणच सांगावे म्हणून, त्या म्हाताऱ्याने सगळे सांगितले. ही प्रेते कोणाची आहेत. बाण कोणाचे आहेत. हात कोणाचा होता.

आता जगायचे नाही, एवढेच हेराक्लीसने ठरवले. कसे मरावे, याचाच विचार तो करू लागला.

एवढ्यात थीसिअस आला. लिकसने थीब्ज बळकावल्याचे ऐकून, पाताळातून सोडवल्याच्या उपकाराची फेड करावी म्हणून तो अथेन्सहून तरुणांची फौज घेऊन मदतीला निघाला होता. त्याला येताना पाहून हेराक्लीसने डोक्यावरून वस्त्र ओढून घेतले. त्या काळच्या ग्रीकांची श्रद्धा होती, की आप्ताचे रक्त सांडणाऱ्याचा विटाळ त्याच्या नुसत्या स्पर्शाने, नजरेने आणि आवाजानेही दुसऱ्याला लागतो. आपले पाप मित्राला लागू नये, एवढीच त्या क्षणी हेराक्लीसची इच्छा उरली होती. तो हातानेच खूण करत होता, की इथून जा.

अँफिट्रिऑनने थीसिअसला काय घडले ते सांगितले. थीसिअस मागे सरला नाही. तो जवळ गेला आणि म्हणाला, "मित्रा, तोंड उघड. मित्राचा मित्राला विटाळ होत नसतो. तू मला पाताळातून उजेडात आणलंस, तेव्हा मी सुखाचा वाटेकरी झालो. आता दुःखाच्या वेळी पाठ फिरवू?" आणि त्याने स्वतःच्या हाताने हेराक्लीसच्या तोंडावरचे वस्त्र दूर केले.

मग दोघांचा मोठा वाद झाला. हेराक्लीसने आपली सगळी कहाणी मांडली. पाळण्यात असतानाच हेराने मारायला साप पाठवले, तारुण्य सारे जीवघेण्या कामांत गेले, आणि शेवटी हे. थीब्जमध्ये राहता येत नाही, दुसऱ्या कुठल्या नगरात गेलो तर लोक बोटे दाखवतील. मी जगून कोणाला काय मिळणार आहे? थीसिअसने त्याला समजावले. देवांनीही अपराध केले आहेत, एकमेकांना बेड्या घातल्या आहेत, तरी ते ऑलिंपसवर राहतातच ना? मग तू माणूस असून दैवाचा घाव का सोसू नयेस? माझ्याबरोबर अथेन्सला चल. तुझे हात मी शुद्ध करीन, राहायला घर देईन, माझ्या नावाने लोकांनी मला जी देवस्थाने दिली आहेत ती तुझ्या नावाने ओळखली जातील.

देवांविषयीचे थीसिअसचे म्हणणे हेराक्लीसने तिथल्या तिथे नाकारले. देव असे वागतात हे मला कधीच पटले नाही, या साऱ्या कवींनी रचलेल्या गोष्टी आहेत, असे तो म्हणाला. थीसिअसचा युक्तिवाद हरला, आणि तरीही थीसिअस जिंकला. कारण त्याच श्वासात हेराक्लीस पुढे बोलला, की मी विचार केला. हे आयुष्य सोडून गेलो तर संकटापुढे पळाल्यासारखे होईल. मी जगणे सोसेन. तुझ्या नगरात येईन.

त्याला तर्काने वाचवले नव्हते. समोरच्या माणसाने विटाळाला न भिता त्याच्या तोंडावरचे वस्त्र काढले होते आणि घर देऊ केले होते, त्याने त्याला वाचवले.

हे आयुष्य काही सोपे होणार नव्हते. मुलांना मूठमाती देण्याचाही अधिकार कायद्याने त्याला उरला नव्हता. ते काम त्याने बापावर सोपवले. आणि धनुष्य? ज्या धनुष्याने आपली लेकरे मारली, ते जवळ कसे बाळगायचे? ते कुशीला लागेल तेव्हा दर वेळी आठवण करून देईल. पण ते टाकले तर शत्रूंपुढे निःशस्त्र होऊन मरावे लागेल. शेवटी रडत रडत त्याने ते उचललेच. घडलेले कधी पुसले जाणार नव्हते, आणि पुसले जाईल असे त्यालाही कोणी सांगितले नव्हते. ते बरोबर घेऊनच जगायचे होते. सगळ्या पराक्रमांत ज्याच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते, तो हेराक्लीस त्या दिवशी पहिल्यांदा रडला.

मग त्याने थीसिअसपाशी एक मागणे केले. केर्बेरस कुत्र्याला अर्गोसपर्यंत पोचवायचे काम अजून बाकी होते. ते करायला तू माझ्याबरोबर चल, असे तो म्हणाला. कुत्र्याची त्याला भीती नव्हती. त्याला एकट्यानेच तर त्याने पाताळातून ओढून आणले होते. भीती वेगळीच होती. वाटेत मी एकटा असलो आणि मुलांचे दुःख अनावर झाले, तर माझ्या हातून काही होऊन बसेल. म्हणून मला एकट्याला सोडू नकोस.

सिंह, सर्प, आभाळ, पाताळ या कशापुढेही जो डगमगला नव्हता, त्याने ही मदत मागितली. माझ्या मते हेराक्लीसचा सगळ्यात मोठा पराक्रम हाच.

त्याला उठता येईना. पाय दगडासारखे झाले होते. थीसिअसने हात पुढे केला. हेराक्लीस म्हणाला, "तुझ्या कपड्यांना रक्त लागेल." थीसिअस म्हणाला, "लागू दे. खुशाल पूस." त्याने हेराक्लीसचा हात आपल्या मानेभोवती घेतला आणि त्याला उभे केले. जाता जाता हेराक्लीसला पुन्हा मुलांकडे पाहावेसे वाटले, बापाला मिठी मारावीशी वाटली. इतका मोठा वीर असा ढासळला हे पाहून थीसिअसने त्याला हळूच टोकले. हेराक्लीसने उलट विचारले, "पाताळात अडकला होतास तेव्हा तू कसा होतास?" थीसिअसने खरे ते सांगितले. तिथे माझ्याइतका खचलेला माणूस दुसरा नव्हता.

आणि ते दोघे निघाले. सकाळी ज्याच्यामागे मुले होड्यांसारखी ओढली जात होती, तोच आता मित्रामागे तसा ओढला जात होता, असे तो स्वतःच बोलला. बळाला किंवा पैशाला चांगल्या मित्रापेक्षा मोठे मानणाऱ्याची अक्कल चुकलेली आहे, हे त्याचे अखेरचे सांगणे.

ही गोष्ट युरिपिडीस या नाटककाराने इ.स.पू. ४१६ च्या सुमारास अथेन्सच्या रंगभूमीवर आणली. एरवी सांगितल्या जाणाऱ्या कथेत हेराक्लीस आधी मुलांना मारतो आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून बारा पराक्रम करतो. युरिपिडीसने तो क्रम उलटा केला. सगळे पराक्रम आधी झाले, कीर्ती मिळाली, आणि मग घर उद्ध्वस्त झाले. आता पापाची फेड करायला एखादा राक्षसही मारायचा उरला नव्हता. उरले होते नुसते जगणे. हे नाटक पाहणाऱ्या अथेन्सने इ.स.पू. ४३१ पासून स्पार्टाशी युद्ध भोगले होते आणि पुढच्याच वर्षी आलेल्या साथीत घरोघरी प्रेते पाहिली होती. आपल्या हाताबाहेरच्या गोष्टीने सर्वस्व जाते म्हणजे काय, हे त्या लोकांना कोणी शिकवायला नको होते. त्यांना हवे होते ते त्यापुढचे, आणि युरिपिडीसने त्यांच्याच नगराच्या राजाच्या, थीसिअसच्या, तोंडून ते सांगितले.

त्या लोकांना आणखी एका वीराची गोष्ट माहीत होती. सोफोक्लीसच्या नाटकातला एजॅक्स हाही असाच उन्मादातून जागा होतो. मृत अकिलीसची शस्त्रे आपल्याला न देता ओडिसिअसला दिली, या अपमानाने पेटून तो ग्रीक सेनापतींना मारायला निघतो आणि अथीनाने पाडलेल्या भ्रमात त्यांच्याऐवजी गुरेढोरे कापून काढतो. शुद्धीवर येताच लाजेने त्याला जगणे नकोसे झाले. हेराक्लीसच्या मानाने त्याच्या हातून घडलेले किती लहान होते! तरी हेराक्लीस जगला आणि एजॅक्सने स्वतःचा जीव घेतला.

का? एजॅक्सलाही माणसे होती. त्याच्याबरोबर संसार करणारी टेकमेसा होती, लहान मुलगा होता, जिवाला जीव देणारे खलाशी होते. ती रडून त्याला विनवत होती. मग एका क्षणी तो शांत झाला, बदलल्यासारखे बोलू लागला, तलवार कुठेतरी पुरून येतो म्हणाला. सगळ्यांना हायसे वाटले आणि त्यांनी त्याला समुद्रकाठी एकटे जाऊ दिले. इकडे कॅल्कस या द्रष्ट्याने त्याच्या सावत्र भावाला, ट्यूसरला, बजावले होते, की आजचा एक दिवस एजॅक्सला तंबूबाहेर पडू देऊ नका. अथीनाचा कोप आजच्या दिवसापुरताच आहे; हा दिवस टळला तर तो वाचू शकेल. ट्यूसरने निरोप धाडला. निरोप पोचेपर्यंत एजॅक्स निघून गेला होता.

फक्त एक दिवस. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या, की त्यातला बोध स्वच्छ दिसतो. निराशेचा तो टोकाचा प्रहर कायम टिकत नाही. तो येतो, माणसाला गिळायला बघतो आणि ओसरतो. पण तो ओसरेपर्यंत कोणीतरी जवळ असावे लागते. हेराक्लीसजवळ त्या दिवशी माणूस होते. एजॅक्सजवळ त्या घटकेला कोणी नव्हते.

म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

ज्यांच्या शेजारी कोणी खचलेले आहे, त्यांनी थीसिअसकडून शिकावे. त्याने चूक कोणाची याचा निवाडा केला नाही. "एवढं काय त्यात" असे म्हटले नाही. लोक काय म्हणतील, आपल्या अंगाला काय चिकटेल, याचा हिशेब केला नाही. तो बसला, बोलत राहिला, म्हणणे खोडले गेले तरी उठून गेला नाही. राहायची जागा आणि चालायला खांदा देऊ केला. आपण समजावण्यात हरलो तरी चालते; उठून जाऊ नये. आणि खूप दिवस दुःखात बुडालेला माणूस अचानक शांत झाला, निरोप घेतल्यासारखे बोलू लागला, तर एजॅक्सच्या माणसांसारखा सुटकेचा श्वास सोडू नये. तेव्हाच जास्त जवळ राहावे. मनात जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत. आपले ऐकायला कोणीतरी आहे, एवढे मात्र कळते.

आणि जो आज स्वतः त्या मोडलेल्या खांबापाशी बसला आहे, त्याला हेराक्लीसचे शेवटचे वागणे सांगावे. मरावेसे वाटणारा माणूस भित्रा नसतो. तो थकलेला असतो. ओझे खरेच फार झालेले असते. परीक्षेत गेलेले वर्ष असो, बँकेचे आणि सावकाराचे कर्ज असो, करपलेले पीक असो, हातून घडलेली भयंकर चूक असो किंवा जवळचे माणूस गेलेले असो. यातले काहीही खोटे नाही, लहान नाही. पण हेराक्लीसचे त्याहून काय लहान होते? त्याला जगण्याचा मोठा अर्थ सापडला म्हणून तो जगला नाही. दुःख संपले म्हणूनही जगला नाही. "मला एकट्याला सोडू नकोस" एवढे एक वाक्य त्याला बोलता आले, म्हणून तो त्या दिवसापलीकडे गेला. आभाळ पेलणाऱ्याला जे बोलायची लाज वाटली नाही, ते बोलायची लाज आपण का बाळगावी?

तेव्हा आजच बोला. आईशी, भावाशी, मैत्रिणीशी, शेजारच्या काकांशी, शाळेतल्या बाईंशी, डॉक्टरांशी, ज्याच्यापाशी बोलता येईल त्याच्याशी. जवळ कोणीच नसेल, तर भारत सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. आणि तुम्हाला जर कोणी असे सांगायला आले, तर हातातले काम बाजूला ठेवा आणि त्याच्याजवळ बसा.